मी निवडलेलं इंजिन

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं डिटॅचमेंट लडाखमधल्या एका पोस्टवर चढलं. पोस्टचं नाव लिहीत नाही. उंची पंधरा हजार फुटांच्या जवळपास, माणसं बेचाळीस. मी तेव्हा हवालदार होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, सर्व्हिस सतरा वर्षं. गाव पिंपळगाव राजा, तालुका खामगाव.

पोस्टवरच्या सगळ्या गाड्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी ०५३० वाजता उठायचं. बॅटऱ्या रात्री बराकीत, बुखारीच्या शेगडीजवळ ठेवलेल्या असत. त्या उचलून न्यायच्या, गाड्यांना लावायच्या, डिझेलच्या पाइपवर गरम पाणी ओतायचं आणि एकेक इंजिन सुरू करायचं. मैदानी भागात हे काम दहा मिनिटांचं. तिथे दीड तास लागायचा. पान्याला उघडा हात लावला तर कातडी चिकटायची. दुपारी मेंटेनन्स, १६०० वाजता हजेरीचं फॉलिन, १९०० वाजता जेवण. असे तीन महिने गेले.

पोस्टवर आमच्या जिल्ह्यातला आणखी एकच माणूस होता. लान्स नाईक रफिक पिंजारी, ड्रायव्हर, गाव सोनाळा. सोनाळा संग्रामपूर तालुक्यात आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्याचे वडील गाद्या भरायचे. रफिक वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. इतरांसमोर मला ‘उस्ताद’ म्हणायचा आणि हिंदीत बोलायचा. दोघंच असलो की वऱ्हाडी सुरू.

“दादा, इथं मानसाची जीभ बी गोठून राह्यली. घरचं बोलून घेऊ द्या जरासं,” असं म्हणायचा.

चांगला ड्रायव्हर गाडी हातानं चालवत नाही, कानानं चालवतो. रफिक तसा होता. इंजिनाच्या आवाजात काही बदललं की मला येऊन सांगायचा आणि दहापैकी नऊ वेळा त्याचं बरोबर निघायचं. दहाव्या वेळी मी त्याची चेष्टा करायचो.

आमच्या पोस्टची अडचण अशी होती की हॉस्पिटल खिंडीच्या पलीकडे होतं. हॉस्पिटल साडेअकरा हजार फुटांवर. पण तिथे उतरायचं तर आधी चढावं लागे. पोस्टपासून खिंडीचा माथा बावीस किलोमीटर, उंची सतरा हजारांच्या वर. माथ्यापासून पलीकडे अडतीस किलोमीटर उतार. ज्याला उंचीमुळे त्रास होतोय त्यालाच आणखी उंच न्यायचं आणि मग खाली. दुसरा रस्ता नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी हुकूम आला. पोस्टवर दोन व्हॅन होत्या. हिवाळ्यासाठी एकच ठेवायची, दुसरी खाली बेसला द्यायची. जी राहील ती ॲम्ब्युलन्स म्हणून वापरायची.

एक व्हॅन जुनी, साध्या इंजिनाची. दुसरी दोन वर्षांची, टर्बोची. सिव्हिलमधल्या वाचकांसाठी फरक सांगतो. डिझेल जळायला हवा लागते. साधं इंजिन आपल्या ताकदीनं जेवढी ओढता येईल तेवढीच हवा ओढतं. टर्बोमध्ये एक छोटा पंखा असतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात हवा दाबून भरतो. शेगाव-खामगाव रस्त्यावर साधं इंजिनही मजेत चालेल. सतरा हजार फुटांवर हवा जवळजवळ निम्मी असते. तिथे साध्या इंजिनाची ताकदही त्याच बेतानं उतरते. पण तो पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. त्याला स्वच्छ तेल लागतं, सुरू करताना आणि बंद करताना सबुरी लागते. तो बिघडला तर पोस्टवर दुरुस्त होत नाही.

कॅप्टन साहेब तरुण होते. त्यांनी मला बोलावलं.

“हवालदार साहब, कौन सी रखें?”

मी म्हणालो, “साहब, दोनों का ट्रायल लेकर बताता हूँ।”

ट्रायल घेतला. दोन्ही गाड्या रिकाम्या, रस्ता कोरडा. टर्बोची व्हॅन बावन्न मिनिटांत माथ्यावर गेली. साधी एक तास आठ मिनिटांत. सोळा मिनिटांचा फरक. मला तो मोठा वाटला नाही. परत आल्यावर मी टर्बोचा हवेचा पाइप काढून आत बोट फिरवलं. बोटाला तेलाचा ओलसर थर लागला.

रफिक शेजारी उभा होता. मी त्याला बोट दाखवलं.

“तेल सोडून राह्यला हा.”

“दादा, इतकासा ओलावा समद्याच टर्बोले असते. मी चार गाड्या चालवल्या, चारीत होता.”

“अन् खिंडीत बसला मंग? काय करशीन? साध्या गाडीचं काही बिघडलं तं मी रस्त्यावर खोलून जोडून देईन.”

“बिघडनार नाही पन चढनार बी नाही. रिकामी चालवून पाह्यली तुमी. भरून पाहा. चेन लावा, स्ट्रेचर टाका, चार मानसं बसवा. चढावर मरते ते गाडी.”

“तू ड्रायव्हर हायेस का मेकॅनिक बे?”

तो “हाव, उस्ताद” म्हणाला आणि गेला. दोघंच असताना त्यानं मला उस्ताद म्हटल्याची ती पहिली वेळ.

गाडी भरून ट्रायल मी घेतला नाही. साहेबांना रिपोर्ट दिला की टर्बोमध्ये तेल येत आहे, हिवाळ्यात भरवसा नाही, जुनी गाडी साधी आणि पक्की आहे. साहेबांनी विचारलं, “पक्का?” मी म्हणालो, “पक्का, साहब।” ते “ठीक है” म्हणाले. कागदावर माझी सही आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या कॉन्व्हॉयबरोबर टर्बोची व्हॅन खाली गेली.

आता जे सांगतो ते नंतर झालेल्या लष्करी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीतही सांगितलं नव्हतं. मला टर्बो नीट येत नव्हता. आमच्या वर्कशॉपला त्या इंजिनाच्या कोर्सची एकच जागा आली होती आणि ती माझ्या ज्युनिअरला मिळाली. मला राग होता. जे मला येत नाही ते हिवाळाभर माझ्या गळ्यात नको, हा विचार माझ्या मनात होता. पंख्यातलं तेल हे निमित्त झालं. “साहेब, मला हे इंजिन पुरतं कळत नाही, रफिकला विचारा,” एवढं एक वाक्य बोलायचं होतं. सतरा वर्षं सर्व्हिस झालेल्या हवालदाराच्या तोंडून ते निघालं नाही.

ऑक्टोबरमध्ये रफिक सुट्टीवर गेला. घरी मुलगी झाली होती. नोव्हेंबरच्या मध्यावर परतला. नियमाप्रमाणे सहा दिवस खाली थांबून, शरीर सवयीला लावून मगच वर आला. त्यात कुणाची चूक नव्हती. आला तो माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आला. मुलीचं नाव सना ठेवलं, असं त्यानं दोनदा सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी ०७१० वाजता तो गाड्यांकडे आला नाही. मी बराकीत गेलो. तो बसलेला होता. आडवं झालं की दम कोंडतो म्हणाला. खोकत होता, खोकल्यात फेस होता. ओठ निळसर. मी नर्सिंग असिस्टंट थापाला हाक मारली. थापा नेपाळी, तेवीस-चोवीस वर्षांचा, हुशार. त्यानं छातीला कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

“फेफड़ों में पानी है, उस्ताद। नीचे ले जाना पड़ेगा। अभी।”

०७४० वाजता ऑक्सिजन लावला. ०७५५ वाजता कॅप्टन साहेब रेडिओवर होते.

“एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर.”

“वेदर खराब. आज फ्लाइंग नहीं. बाय रोड लाओ. हम इधर से ॲम्ब्युलन्स निकाल रहे हैं, ऑक्सिजन के साथ. ओव्हर.”

मोठ्या गाड्या आदल्या दिवशी राशन आणायला पलीकडे गेल्या होत्या. पोस्टवर एकच चालू गाडी होती. मी ठेवून घेतलेली.

ड्रायव्हर स्ट्रेचरवर होता, म्हणून गाडी मी घेतली. मागे थापा, रफिक आणि धक्का द्यायला दोन जवान. लहान ऑक्सिजन सिलिंडर दोन. थापाच्या हिशेबानं एक सिलिंडर सव्वा ते दीड तास. रात्री पाच-सहा इंच बर्फ पडला होता. घसरू नये म्हणून चारी चाकांना चेन. ०८३० वाजता निघालो.

पहिले सहा किलोमीटर सपाटीचे, ते बरे गेले. मग चढ लागला. मी ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिन ओरडत होतं, मागून काळा धूर येत होता आणि काटा ताशी आठ-नऊच्या वर जात नव्हता. मी सेकंड टाकला. गाडी लगेच थरथरली.

मागून रफिकचा आवाज आला. मास्कमधून, तुटत तुटत. “सेकंड नका टाकू, दादा. फस्टमंधीच... राहू द्या.”

मी फर्स्टमध्ये आणली. गाडी सावरली.

“हां,” तो म्हणाला.

त्यानंतर वळण आलं की तो काही ना काही सांगायचा. “आतून घ्या.” “रेस सोडू नका.” थापा त्याला गप्प राहायला सांगत होता. तो स्ट्रेचरवर पडून कानानं माझी गाडी चालवत होता.

०९५० वाजता पहिला सिलिंडर संपला. तेव्हा आम्ही तेराव्या किलोमीटरला होतो. १०१५ वाजता एका उभ्या वळणावर गाडी थांबली. बंद पडली नाही. इंजिन पक्कं होतं, मी म्हटलं होतं तसंच. फक्त गाडी पुढे सरकेना. क्लच सोडला की चाक एक वीत पुढे जायचं आणि इंजिन बसायचं. जवानांनी चाकामागे दगड लावले. मी वजन कमी करायला सुरुवात केली. स्टेपनी, टूल बॉक्स, डिझेलचा जेरीकॅन, मागची बाकं, सगळं रस्त्याच्या कडेला टाकलं. जवान धक्का द्यायला उतरले.

मी मागचं दार उघडलं तेव्हा रफिक कोपरावर उठायचा प्रयत्न करत होता.

“मी उतरू काय, दादा? वजन... कमी होईन.”

थापानं त्याला परत टेकवलं. मी दार लावून पुढे आलो.

त्या वळणावर पंचवीस मिनिटं गेली. गाडी निघाली तेव्हा जवानांना मी तिथेच सोडलं. ११२० वाजता माथ्यावर पोचलो. माथ्याच्या थोडं आधी दुसरा सिलिंडर संपला. रफिकचं बोलणं त्याही आधी थांबलं होतं. उतारावर मी जेवढी जोरात नेता येईल तेवढी नेली. ११४० वाजता थापानं मागून हाक मारली. आवाजावरूनच कळलं. तरी मी गाडी थांबवली नाही.

११४८ वाजता समोरून दोन माणसं चालत येताना दिसली. हॉस्पिटलचे डॉक्टर, मेजर साहेब, आणि एक जवान. जवानाच्या खांद्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर. दीड किलोमीटर खाली एक ट्रक रस्त्यात आडवा अडकला होता आणि त्यांची ॲम्ब्युलन्स ०९४० पासून त्याच्यामागे उभी होती. आम्ही येत नाही असं पाहून ते चढावर पायी निघाले होते. मेजर साहेबांनी आत जाऊन तपासलं. बाहेर आले. घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहिली.

मी गेली अकरा वर्षं एकच गणित करतो. टर्बोच्या व्हॅनला रिकामं असताना बावन्न मिनिटं. वजन, चेन, बर्फ धरून सव्वा तास म्हणा. पावणेदहाला माथा. सव्वादहाला त्या अडकलेल्या ट्रकजवळ. स्ट्रेचर हातांनी पलीकडे नेता आलं असतं. पलीकडे डॉक्टर होते, ऑक्सिजन होता आणि मोकळा उतार होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. गाडी फिट होती, ड्रायव्हिंग बरोबर होतं, हवामान प्रतिकूल होतं. दोष कुणाचा नाही. मेजर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की अशा केसमध्ये वेळेवर पोचूनही माणूस वाचतोच असं नाही. ते खरं असेल. पण ते त्यांच्या ट्रेडचं बोलत होते, मी माझ्या.

टर्बोची ती व्हॅन बेसवर डाक आणायला वापरत. मी रेडिओवर अधूनमधून तिची चौकशी करायचो. ती बिघडावी असं मला वाटायचं. हिवाळाभर ती एकदाही बिघडली नाही. पुढच्या वर्षी मला त्या इंजिनाच्या कोर्सला पाठवलं. पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरनं एक पाइप खोलून आत बोट फिरवलं आणि ओलं बोट सगळ्यांना दाखवलं. एवढा ओलावा असतोच, म्हणाला, हा बिघाड नव्हे. मी वहीत लिहून घेतलं.

जिल्ह्याचा माणूस म्हणून रफिकला घरी पोचवायला मलाच पाठवलं होतं. सोनाळ्याला सगळं गाव जमलं होतं. दफनविधी झाल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. दाढीत कापसाचा एक धागा अडकलेला होता.

“साहेब, गाडी भेटली नव्हती काय त्याले?”

“भेटली होती, चाचा. रस्ता खराब होता.”

“हाव,” ते म्हणाले. “पहाडाचा रस्ता.”

त्यांना खरं सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. चार वर्षांनी ते गेले.

मी नायब सुभेदार होऊन रिटायर झालो. पिंपळगावात राहतो, शेती पाहतो, गावातले लोक इंजिनाचं काही विचारायला येतात ते सांगतो. रफिकची पत्नी शबाना सोनाळ्यात आशा सेविका आहे. दर ईदला मी फोन करायचो. दोन मिनिटं बोलणं. यंदा उन्हाळ्यात तिचाच फोन आला.

“भाऊ, आमच्या गावानं पेशंटसाठी व्हॅन घ्याचं ठरवलं. वरच्या पहाडातल्या गावायच्या बाया अडतात, त्यायले शेगावले न्याले गाडी लागते. शोरूमवाला म्हनते, गाडी एकच हाये पन इंजिन दोन तऱ्हेचे. एक साधं, एक टर्बो. कमिटीत अर्धे इकडं, अर्धे तिकडं. मी म्हन्लं, आमच्या घरच्या मानसाले विचारते.”

मी फक्त “उद्या येतो,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ११०० वाजता तिच्या घरी पोचलो. सना शाळेत गेली होती. शबानानं पाणी दिलं, शोरूमचे दोन कागद समोर ठेवले. मी कागद उलटे करून ठेवले आणि वर जे लिहिलं आहे ते सगळं तिला सांगितलं. ट्रायल, बोटाचं तेल, कोर्सची जागा, सही. वीस मिनिटं लागली असतील. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मग तिनं विचारलं, “त्यायनं सांगतलं होतं तुमाले?”

“हो.”

“भरून चालवून पाहा म्हनून?”

“हो.”

“अन् तुमी ऐकलं नाही.”

“नाही ऐकलं.”

ती उठून आत गेली. मला निघावंसं वाटलं, पण मी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. चेहरा धुतलेला होता.

“अब्बा मरेपरेंत तो पहाडाचा रस्ता, पहाडाचा रस्ता करत राह्यले,” ती म्हणाली. “त्यायले काऊन नाही सांगतलं?”

“हिंमत झाली नाही.”

“मले माफ-बीफ करता येनार नाही आज. सांगून ठेवते.”

“मी माफी मागायला आलो नाही.”

“मंग आता हे सांगा.” तिनं कागद सुलटे केले. “पन जेवढं येते तेवढंच सांगा. येत नसंन तं येत नाही म्हना.”

मी सांगितलं. तुमच्या इथे उंचीचा प्रश्न नाही. सोनाळा ते शेगाव रिकाम्या गाडीला साधं इंजिन पुरेल. पण गाडी रिकामी जाणार नाही. पहाडातल्या गावांचे चढ, आत पेशंट, सोबत चार माणसं. तिथे टर्बो घ्या. फक्त ड्रायव्हर नीट हवा. सुरू केल्या केल्या रेस करायची नाही, चढावरून आल्यावर लगेच बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची. तेल वेळेवर बदलायचं. आणि नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर असतो. तो मला येत नाही.

“कोनाले येते?”

“खामगावात एक पोरगी आहे, वर्कशॉपमध्ये. तिला विचारतो.”

विचारलं. तिनं माझ्या दोन गोष्टी दुरुस्त केल्या. त्या मी लिहून घेतल्या आणि शबानाला कळवल्या. मग मी कमिटीला एक अट घातली, की कागदावर काही ठरवण्याआधी गाडी भरून चालवायची. शोरूमवाले कुरकुरले. आम्ही सातजण बसलो, मागे सिमेंटची चार पोती टाकली आणि पहाडाच्या रस्त्यानं दोन्ही इंजिनं नेऊन पाहिली. चालवायला गावातला जो ड्रायव्हर ठेवणार होते तोच बसला. मी मागे बसून ऐकलं. खाली उतरल्यावर सगळ्यात आधी त्याला विचारलं. त्यानं टर्बो म्हटलं. टर्बो घेतली.

हे लिहायला मला शबानानं सांगितलं. सना मोठी झाल्यावर तिला वाचायला द्यायचं आहे, म्हणाली. तेव्हा शेवटचं थेट तिच्यासाठी लिहितो.

तुझे अब्बा लान्स नाईक रफिक पिंजारी. वय एकतीस. त्यांच्या हातून नऊ वर्षांत एकही गाडी ठोकली गेली नाही. ते गाडी चालवताना गायचे, आणि बेसूर गायचे. तुझं नाव त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा मी म्हणालो, ऐकलं बे. त्या दोन गाड्यांबद्दल ते जे बोलले ते शब्दाशब्दानं बरोबर होतं. मी ऐकायला पाहिजे होतं.